येईन आणि येत असेन

त्र्याहत्तर सालची दिवाळीची सुट्टी संपून पंधरा दिवस झाले होते. अकरावीच्या वर्गाला मी इंग्रजीतला चालू भविष्यकाळ शिकवत होते. फळ्यावर मी तेच वाक्य लिहिलं, जे मी शिकत असताना मंगळवेढ्याच्या शाळेत मला लिहून मिळालं होतं: उद्या या वेळी मी पत्र लिहीत असेन. त्याखाली इंग्रजी. शॅल बी, विल बी, आणि क्रियापदाला आयएनजी. मुलींनी पाच वाक्यांची रूपांतरं केली. पाचही बरोबर आली. मी खडू ठेवला, हात झटकले.

शेवटून दुसऱ्या बाकावरून मायाक्काने हात वर केला. मायाक्का ही मेंढपाळाची पोर. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या माळावरची, आमच्या शाळेच्या वसतिगृहात राहणारी. वर्गात फार बोलायची नाही, पण बोलली की मला पुस्तक पुन्हा उघडावं लागे.

"बाई, करायचं कसं ते कळलं. पण वापरायचं कधी?"

"भविष्यात एखादी क्रिया चालू असेल तेव्हा."

"पण उद्या या वक्ताला मी पत्रच लिहीत असंन, हे आज मला कसं कळणार? आणि कळलं, तरी नुसतं 'लिहीन' म्हटलं तर काय बिघडतं?"

वर्ग हसला. मीही हसले, कारण मला उत्तर येत नव्हतं. "पुढच्या तासाला सांगते," म्हणाले आणि घंटा झाली.

सात वर्षं मी इंग्रजी शिकवत होते. विहिरीत न उतरता, काठावर बसून हातपाय मारायला शिकावं, तसं मी ते शिकले होते. इंग्रजीतच वाढलेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. रेडिओवरच्या बातम्या ऐकायचे, त्यातलं अर्धं समजायचं. शिक्षकांच्या खोलीत मी भीमाशंकर सरांना विचारलं. ते आमच्यात सगळ्यांत जुने, बावीस वर्षं इंग्रजीच शिकवत होते.

"दोन मार्कांना येतो तो काळ," सर म्हणाले. "रूपांतर घोटून घ्या. तेवढं पुरे."

"पण सर, वापरतात कधी?"

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "वच्छलाबाई, वापरायला कुणी सांगितलंय?"

संध्याकाळी मी घरी आले. मी भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहायचे. शेजारी मैंदर्गीकडचं एक कुटुंब होतं, अक्कम्मा आणि त्यांचे यजमान ईरप्पा. नळाला पाणी आलं होतं. अक्कम्मा माझ्या पुढे उभ्या होत्या. त्यांनी आपली घागर बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही आधी भरा. मी चहा टाकून येते. आमचे हे येत असतील."

मी कळशी नळाखाली धरली आणि तशीच थांबले. येत असतील. म्हणजे उद्याचं नव्हे, आत्ताचं. पण डोळ्यांना दिसत नसलेलं.

"अक्कम्मा, तुम्हाला कसं ठाऊक?"

"काय कसं?"

"ते येत असतील म्हणून."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पाचला ड्यूटी सुटते. सायकलला अर्धा तास. पाणी सुटलं म्हणजे साडेपाच झाले. येतच असतील की! त्यात ठाऊक काय असायचं?"

कळशी भरून वाहायला लागली होती. तेवढ्यात कोपऱ्यावर सायकलची घंटी वाजली.

ईरप्पा रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात कामाला होते. कानाला फोन लावून कुठली गाडी कुठे आहे ते टिपायचं, पुढच्या स्टेशनाला कळवायचं. तिथे सगळा व्यवहार इंग्रजीत चाले. मी त्यांना चहा संपवू दिला आणि मग माझा प्रश्न टाकला.

"व्याकरण मला येत नाही बाई," ते म्हणाले. "मी आठवी पास. पण हे वाक्य मी दिवसाला पन्नास वेळा बोलतो. अमुक गाडी विल बी रनिंग फॉर्टी मिनिट्स लेट."

"विल रन लेट का म्हणत नाही?"

त्यांनी कप खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना आवडला असावा.

"तसं म्हटलं तर ऐकायला बरं वाटत नाही. ती गाडी हट्टाने उशीर करणार आहे असं वाटतं. किंवा आम्हीच बसून ठरवलंय. तसं नसतं ना. गाडी निघालेली असते. रूळ आहेत, वेग ठाऊक आहे, मध्ये कुठे थांबवली ते ठाऊक आहे. नवं असं काही ठरवायचं राहिलेलं नसतं. सहा वाजता ती कुठे धावत असेल, एवढंच आपण सांगायचं."

पुढच्या तासाला मी वर्गात हे दोन्ही सांगितलं. न दिसणारं, पण अंदाजाने पक्कं असलेलं. आणि जे आधीच वाटेला लागलंय, त्याचं पुढचं ठिकाण. मुली वहीत उतरवून घेत होत्या. मायाक्काने पेन खाली ठेवलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हणजे मेंढरांगत."

मुली फिदीफिदी हसल्या. ती लाजून पुन्हा वहीत लिहायला लागली, आणि मला पुढे विचारता आलं नाही.

शुक्रवारी आमचे क्लार्क शंकरप्पा तिला घेऊन माझ्याकडे आले. बोर्डाचे फॉर्म भरणं चालू होतं. मायाक्काच्या गावच्या शाळेत कुण्या मास्तरांना तिच्या बापाचं 'येडू' हे नाव बरं वाटलं नसावं. त्यांनी दाखल्यावर परस्पर 'यदुनाथ' लिहिलं होतं. वसतिगृहाच्या कागदावर येडू, दाखल्यावर यदुनाथ.

"फॉर्म परत येईल बाई," शंकरप्पा म्हणाले. "बापाचा अर्ज पाहिजे, अंगठ्यासकट. मंगळवारपर्यंत. मग माझ्या हातात काही नाही."

"मायाक्का, वडील कुठे असतात?"

"दिवाळीनंतर मेंढरं घिऊन बाहेर पडत्यात. घरी कुणीच नसतं. आईबी संगंच असती."

"मग तू त्यांना पत्र कुठे पाठवतेस?"

"पुढं," ती म्हणाली.

मला कळलं नाही. तिने समजावून सांगितलं. पत्र पोचायला चार दिवस लागतात. आज आबा जिथे आहेत तिथे पत्र टाकलं, तर चार दिवसांत मेंढरं पुढे गेलेली असतात. म्हणून ती हिशेब करते: कुठल्या गावात कोणती रानं मोकळी झाली असतील, कुठल्या ओढ्याला पाणी असेल, कुठला शेतकरी दरसाल खतासाठी मेंढरं बसवून घेतो. मग त्या गावच्या ओळखीच्या दुकानदाराच्या नावावर कार्ड टाकते. "पत्र आधी जाऊन बसतंय. आबा मागनं चालत येत असत्यात."

"चुकत नाही कधी?"

"गेल्या साली दुष्काळात लई चुकलं. वाटच बदलली हुती. यंदा रानं बरी हायती."

"मग परवा रविवारी ते कुठे असतील?"

तिने बोटं मोजली. "माचनूरला तीन मुक्काम. नदी उतरून बेगमपूरला दोन. कामतीला भुईमुगाच्या रानात चार तरी. तितनं मंद्रूपची वाट. रविवारी दुपारी आबा मंद्रूपच्या अलीकडं, ओढ्याला मेंढरं चारत असत्याल."

हे वाक्य तिने इतक्या सहज उच्चारलं, की मी शंकरप्पांकडे बघितलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. ते शाईचा पॅड शोधायला गेले.

खरं सांगायचं तर तिला एखाद्या शिपायाबरोबर पाठवता आलं असतं. पण मला बघायचं होतं. पुस्तकातली सात वर्षांची वाक्यं एकीकडे आणि मंद्रूपचा ओढा एकीकडे. तो माणूस तिथे असतो की नाही, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

रविवारी सकाळी आम्ही एसटीने निघालो. तिने वसतिगृहातून दोघींपुरत्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. मी पर्समध्ये अर्ज आणि शाईचा पॅड घेतला होता. मंद्रूपला उतरल्यावर तिने स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मेंढरं काही दिसली नाहीत. पलीकडच्या किराणा दुकानात विचारलं. तिथेही नाही. आम्ही ओढ्यापर्यंत चालत गेलो. पाणी होतं, कडेला गवतही होतं. मेंढरं नव्हती.

"चुकलं वाटतं," मी म्हणाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

मायाक्का मात्र वाटेवर खाली वाकून बघत होती. इकडे दहा पावलं गेली, तिकडे दहा पावलं गेली.

"लेंड्या न्हाईत बाई. एक बी न्हाई. गवताला तोंड लागल्यालं न्हाई."

"म्हणजे आले नाहीत."

"आलं न्हाईत म्हंजी मागं हायती. येत असत्याल की."

तिने कामतीच्या दिशेला तोंड केलं आणि चालायला लागली. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना गुडघाभर शाळू, आणि नोव्हेंबरचं ऊन. मी छत्री उघडली. तासभर चाललो असू. एका लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली, पुन्हा उठलो. मी मनात म्हणत होते, आणखी अर्धा तास, मग मागे फिरायचं. तेवढ्यात समोरून एक तट्टू आलं. त्याच्या पाठीवर भांडी, घोंगडी, बांधलेल्या कोंबड्या आणि एका जाळीत चार कोकरं. तट्टाचा दोर धरून एक उंच, काळीसावळी बाई चालत होती. मायाक्का पळतच सुटली.

ती तिची आई, अंबुबाई. तिने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कोण मेलं गं?"

"कुणी न्हाई मेलं. आबाचा अंगठा पायजे."

अंबुबाईने सुस्कारा सोडला. मग माझ्याकडे बघून पदर सारखा केला. "उशीर झाला बघा बाई आमाला. कामतीला दोन मेंढ्या याल्या. दोन दिस जास्तीचं लागलं. न्हाई तर आत्ता वड्याला असतो."

मायाक्काने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला वाचता आला. हिशेब चुकला नव्हता. गाडी लेट होती.

पाठोपाठ मेंढरं आली, शे-सव्वाशे असतील, आणि धुळीतून येडू आला. खांद्यावर काठी आडवी, डोक्याला लाल मुंडासं. मी कोण, कशाला आले, ते मायाक्काने त्याला सांगितलं. त्याने मला वाकून नमस्कार केला, तेव्हा मलाच संकोच वाटला. बांधावर बसून मी अर्ज वाचून दाखवला: माझे नाव यदुनाथ नसून येडू असे आहे.

"ह्यो यदुनाथ कोण गं?" त्याने लेकीला विचारलं. "मला न सांगता जावई केलास का काय?"

अंबुबाई तोंडाला पदर लावून हसली. येडूने अंगठा पॅडवर दाबला, मी दाखवलं तिथे उमटवला आणि उरलेली शाई काठीला पुसली. काम दोन मिनिटांत झालं. एसटीला अजून वेळ होता. मला राहवलं नाही.

"येडूबा, पुढच्या अमावास्येला कुठे असाल तुम्ही?"

"इंडीच्या रानात मेंढरं बसवत असू."

"ठरलंय तसं?"

"ठरवायचं काय त्यात?" तो म्हणाला. "वाट हाय. पाणी हाय. मेंढरांचं प्वाट त्यास्नी चालवतंय. आमी मागनं जायाचं. ठरवत्यात ते येगळं असतंय."

"ते कसलं?"

एक मेंढी शाळवाकडे वळली होती. तिला त्याने जागेवरूनच हाळी दिली, ती परत फिरली.

"हिला मागणं आलंय," तो मायाक्काकडे न बघता म्हणाला. "घर बरं हाय. चार येळा माणूस आला. 'देईन' म्हण, एवढंच म्हणतोय त्यो. मी म्हणलो न्हाय अजून. देईन म्हणलं की बोल गेला बाई. मग पाऊस येऊ दे न्हाय तर दुष्काळ. मेंढरं चारत असंन, ह्यो काय बोल न्हवं. ते व्हणारच हाय."

मायाक्का कोकरांच्या जाळीपाशी बसली होती. तिचा हात एका कोकराच्या पाठीवर थांबला होता. मला खूप काही बोलावंसं वाटलं. तिची परीक्षा, तिची हुशारी, तिचं वय. पण त्या माणसाने शब्द जपून ठेवला होता, आणि त्याच्यावर मी आणखी एक शब्द लादणं मला बरं वाटेना. मी एवढंच म्हणाले, "परीक्षा मार्चमध्ये आहे. तोवर ती रोज अभ्यास करत असेल."

"ते हाय की," येडू म्हणाला.

परतीच्या एसटीत मायाक्का खिडकीशी बसली होती. मंद्रूप मागे पडल्यावर तिने विचारलं, "बाई, आबा 'देईन' म्हणतील का?"

"मला नाही सांगता येत."

"मला बी," ती म्हणाली. "मेंढरांचं सांगता येतं. आबाचं न्हाय येत."

सोमवारी अर्ज शंकरप्पांच्या टेबलावर गेला. वर्गात मी जुनं वाक्य पुसून टाकलं आणि दोन नवी वाक्यं लिहिली. 'आय शॅल कम': मी येईन. हा बोल आहे. 'आय शॅल बी कमिंग': मी येत असेन. ही वाट आहे. भीमाशंकर सर दारातून जाताना थांबले, दोन्ही वाक्यं वाचली, आणि "परीक्षेत असं विचारत नाहीत" असं म्हणून पुढे गेले. तेही खरंच होतं.

मायाक्का मार्चमध्ये पास झाली. इंग्रजीत बावन्न. जूनमध्ये तिने नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला. कागदावर बापाचा अंगठा होता, म्हणजे येडूने निदान तेवढं तरी ठरवलं होतं. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी ती मला भेटायला शाळेत आली. पायांत नव्या चपला होत्या आणि त्या चावत होत्या.

"काय काय विचारलं?"

"लई काही न्हाई. नाव, गाव. रक्त बघून चक्कर येती का. मग मेट्रनबाईंनी इंग्रजीत विचारलं, 'विल यू बी गोइंग होम एव्हरी संडे?' माझ्या आधीच्या दोन्ही पोरी घाबरल्या बाई. त्यांना वाटलं, बाई बजावत्यात. एक म्हणाली, नो मॅडम, नेव्हर मॅडम. दुसरी रडाय लागली."

"आणि तू?"

"मी म्हणलं, नो मॅडम, माय होम विल बी वॉकिंग."

मी हातातली पेपरांची चळत खाली ठेवली.

"त्यांनी बी पेन खाली ठेवलं," मायाक्का म्हणाली. "मग समदं विचारत बसल्या. मेंढरं किती, वाट कुटली, पत्र कसं टाकतीस. शेवटाला म्हणाल्या, एक तारखेला या."

"पण तुला कसं कळलं, त्या बजावत नाहीत म्हणून? मी तर हे शिकवलंच नव्हतं." मला तरी कुठे ठाऊक होतं! तो प्रश्न मला विचारला असता तर मीही 'नेव्हर मॅडम' म्हणाले असते.

"आई तशीच विचारती की. शेजारणीला मीठ आणाय सांगायचं असलं, तर 'बाजारला जाशील का' म्हणत न्हाई. तसं म्हणलं की काम लावल्यागत हुतंय. 'बाजारला जाणार असशील का' म्हणती. जाणार असली तर तीच म्हणती, काय आणू? नसली जाणार, तर कुणालाच वाईट वाटत न्हाई. मेट्रनबाई बी तसंच इचारत हुत्या. माझे रविवार कसं असत्याल, एवढंच."

"आणि ते मागणं?" मी विचारलं.

"आबांनी सांगितलं, तीन वर्सं मी काही बोलणार न्हाई. थांबायचं तर थांबा." ती चपलेचा पट्टा सैल करत होती. "त्यो माणूस उठून गेला. पुन्हा आला न्हाई अजून."

ती गेल्यावर मी रिकाम्या वर्गात थोडा वेळ बसले. बाजारला जाणार असशील का. हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून हजार वेळा ऐकलं होतं, आणि ते इंग्रजीतही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

नव्या अकरावीला चालू भविष्यकाळ शिकवायची वेळ अजून आली नव्हती, तो पुढे नोव्हेंबरात यायचा. मी तो दुसऱ्याच दिवशी शिकवला. तिसरा उपयोग: समोरच्यावर ओझं न टाकता, त्याच्या मनातला बेत विचारायचा असेल तेव्हा. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने सबंध पुस्तक चाळलं आणि हात वर केला.

"बाई, हे पुस्तकात कुठेच नाही. कुणी सांगितलं?"

"अंबुबाईंनी," मी म्हणाले, आणि फळ्याकडे वळून पुढचं उदाहरण लिहायला घेतलं.